दुखणे आकड्यात सांगताना : वेदनेवरील क्लिनिकल ट्रायलमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गुडघेदुखी, मधुमेहामुळे तळपायांची होणारी आग किंवा वर्षानुवर्षे पिच्छा न सोडणारी कंबरदुखी घेऊन आपण दवाखान्यात जातो आणि एखाद्या दिवशी डॉक्टर विचारतात, ‘‘आमच्याकडे एक स्टडी सुरू आहे, त्यात याल का?’’ इंदूरमधल्या मराठी घरांत या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरे मी ऐकत आले आहे. पहिले, ‘‘डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणजे चांगलेच असणार’’ आणि दुसरे, ‘‘नको रे बाबा, आपल्यावर प्रयोग नकोत.’’ ही दोन्ही उत्तरे कागद न वाचताच दिलेली असतात. मी या शहरात काही वर्षे अशा अभ्यासांची, म्हणजे क्लिनिकल ट्रायलची, समन्वयक होते. संमतिपत्र समजावून सांगणे, रुग्णांच्या डायऱ्या तपासणे, परत आलेल्या गोळ्या मोजणे आणि चुकलेल्या तारखांसाठी घरी फोन करणे हे माझे काम होते. त्या कामात जे दिसले, त्यावरून पुढील पायऱ्या लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. रक्तदाब मोजायला यंत्र आहे, साखर मोजायला पट्टी आहे. दुखणे मोजणारे उपकरण मात्र कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसते, पण ती झीज किती दुखते हे दिसत नाही. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हाही ती ‘अनुभव’ या शब्दाभोवतीच बांधली आणि व्यक्ती जे सांगते त्याचा मान राखावा, असे सोबतच्या टिपणात नोंदवले. त्यामुळे अशा ट्रायलमध्ये रुग्णाचे बोलणे हेच मोजमाप असते, आणि ते बिघडले तर पुढचे सगळे गणित बिघडते.

पहिली पायरी : नोंदणी क्रमांक मागून घ्यावा

भारतात क्लिनिकल ट्रायलची सार्वजनिक नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे करणे सक्तीचे झाले. तिला सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) म्हणतात. प्रत्येक अभ्यासाला तिथे एक क्रमांक मिळतो आणि त्यात नोंदणीचे वर्ष व महिना असतो. तो क्रमांक समन्वयकाकडून लिहून घ्यावा आणि नोंदवहीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हे दोन मिनिटांचे काम आहे. खर्च कोण करीत आहे, नव्या औषधाची तुलना कशाशी होणार आहे, इंदूरचे केंद्र यादीत आहे का, आणि त्या केंद्राच्या नैतिकता समितीची, म्हणजे रुग्णांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी मिळाली आहे का, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या तरी पुरे. क्रमांक विचारल्यावर समोरचा माणूस चुळबुळ करू लागला, तर मी तरी त्या दिवशी सही करणार नाही.

या बाबतीत इंदूरकरांनी संकोच करण्याचे काहीच कारण नाही. या शहरातल्या ट्रायलवरून मोठा वाद झाला, इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि त्या काळात २०१३ पासून देशभरचे नियम कडक होत गेले. आज लागू असलेले नियम मार्च २०१९ चे आहेत. हे नियम नव्या औषधांच्या चाचण्यांना लागू होतात. योगासने, फिजिओथेरपी किंवा नुसत्या प्रश्नावल्यांच्या अभ्यासांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे असतात, पण नैतिकता समितीची मंजुरी तिथेही लागतेच.

दुसरी पायरी : माहितीपत्रक घरी आणावे

सहीच्या कागदाला जोडून एक माहितीपत्रक असते. ते कित्येक पानांचे असते आणि पहिल्याच भेटीत टेबलावर बसून वाचून होत नाही. ‘‘घरी नेऊन वाचते, दोन दिवसांनी येते,’’ असे सांगण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. इंदूरमध्ये हे पत्रक बहुधा हिंदीत मिळते. आपल्यापैकी बहुतेकांना हिंदी येते, परंतु बाजारहाटाची हिंदी वेगळी आणि ‘यादृच्छिक आवंटन’ (कोणाला कोणते औषध, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे) या शब्दांची हिंदी वेगळी. जो शब्द कळला नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि दुसऱ्या भेटीत तेवढ्याच रेघांवर प्रश्न विचारावेत.

वाचताना काही जागा शोधून काढाव्यात. अभ्यास किती आठवड्यांचा आहे आणि किती वेळा यावे लागेल, हे पाहावे. औषध उपयोगी पडणार नाही ही शक्यता, आणि प्लासिबो (औषधासारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) असल्यास त्याचा उपचार म्हणून परिणाम नसतो ही बाब, या दोन्ही गोष्टी नियमाने पत्रकात लिहाव्या लागतात. त्या सापडल्या नाहीत तर विचारावे. पत्रकात नैतिकता समितीचाही दूरध्वनी क्रमांक असतो आणि तक्रारीसाठी तो आपल्या वहीत वेगळा उतरवून ठेवावा. संमतिपत्रात वार्षिक उत्पन्न, व्यवसाय आणि वारसाचे नाव विचारतात, तेव्हा बरेच जण दचकतात. एक काका तर ‘‘हे इन्कम टॅक्सवाल्यांना देणार का?’’ म्हणून उठून चालले होते. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कोणाला द्यायची, यासाठी ती माहिती असते. वाचून अंगावर काटा येतो खरा, पण तो रकाना नसता तर वारसाला पुढे हातपाय मारावे लागले असते.

काही ट्रायलमध्ये, विशेषतः पूर्णपणे नवे रसायन वापरले जात असेल आणि सहभागी व्यक्ती दुर्बल गटातील असेल तर, संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण होते. कॅमेऱ्यासमोर बसल्यावर मान डोलावण्याचा मोह आवरावा आणि शंका असेल ती तिथेच बोलावी. सही झाल्यावर पत्रकाची आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आपल्याला मिळालीच पाहिजे.

तिसरी पायरी : प्लासिबोची भीती आणि प्लासिबोचा राग

‘‘म्हणजे मला साखरेच्या गोळ्या देणार?’’ हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका दुसरा कुठलाच नाही. त्यात अपमानाची भावना असते, आणि ती मला समजते. म्हणून या पायरीवर थोडे थांबते.

वेदना आपोआप कमी-जास्त होत असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर, आणि शिगेला पोचलेले दुखणे पुढच्या काही आठवड्यांत थोडेफार उतरतेच, मग गोळी घ्या अथवा घेऊ नका. शिवाय उपचार होत आहेत या जाणिवेनेही दुखणे खरोखर कमी होते. १९७८ मध्ये अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की प्लासिबोने ज्यांना आराम पडला होता त्यांना नॅलॉक्सोन हे अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर दुखणे वाढले. म्हणजे तो आराम शरीराने स्वतःच तयार केलेल्या वेदनाशामकातून आलेला असावा. ‘मनाचे खेळ’ म्हणून ही गोष्ट झटकून टाकता येत नाही.

म्हणूनच तुलनेचा गट नसेल तर वेदनेच्या अभ्यासात जवळपास प्रत्येक औषध गुणकारी ठरेल. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे गुडघ्याच्या झिजेच्या १८० रुग्णांवर एक अभ्यास झाला आणि २००२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून सफाई केली, काहींचा सांधा नुसता धुतला आणि काहींच्या कातडीवर फक्त छेद देऊन टाके घातले. दोन वर्षे पाठपुरावा केल्यावर खऱ्या शस्त्रक्रियेचा गट छेदवाल्यांपेक्षा कुठेही सरस ठरला नाही. ऑस्ट्रेलियात १,६५२ कंबरदुखीच्या रुग्णांना घेऊन केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. पॅरासिटामॉल नियमित घेणाऱ्यांपैकी निम्मे १७ दिवसांत बरे झाले, लागेल तसे घेणाऱ्यांपैकीही निम्मे १७ दिवसांत आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी निम्मे १६ दिवसांत. आपल्याकडे घरोघरी डब्यात पडून असलेल्या गोळीबद्दल हे कळले, ते प्लासिबोवर राहायला कबूल झालेल्या माणसांमुळे.

तरीही एक प्रश्न ठामपणे विचारावा : ‘‘दुखणे असह्य झाले तर मी काय घ्यायचे?’’ चांगल्या अभ्यासात यासाठी ‘रेस्क्यू’ गोळी दिलेली असते, बहुधा पॅरासिटामॉलच. ती दिवसाला किती घ्यायची आणि मोजणीच्या भेटीआधी किती तास घ्यायची नाही, हे पत्रकात असते. ती घेणे म्हणजे अभ्यास बिघडवणे नव्हे. मात्र किती घेतल्या ते लिहून ठेवलेच पाहिजे, कारण त्या संख्येवरूनही औषधाची पारख होते.

चौथी पायरी : डब्यातले सगळे टेबलावर ठेवावे

पहिल्या तपासणीला जाताना औषधांची यादी करून नेण्यापेक्षा औषधांची पिशवीच न्यावी. यादीत फक्त ‘डॉक्टरांची औषधे’ येतात. बाम, निर्गुडीचे तेल, गुग्गुळाच्या गोळ्या आणि कोणी तरी गावाहून आणून दिलेली सांधेदुखीची पुडी यांतले काहीच येत नाही. बहुतेक बामांत मिथाइल सॅलिसिलेट असते आणि ते ॲस्पिरिनच्या कुळातले आहे. बिनलेबलच्या पुडीत काय आहे हे तर आणणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि तशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत.

ट्रायल सुरू होण्याआधी चालू वेदनाशामके काही दिवस बंद ठेवायला सांगतात. त्याला ‘वॉशआउट’ म्हणतात. सगळ्या अभ्यासातला हा सर्वांत त्रासाचा काळ असतो, हे कोणी आधी सांगत नाही. घरात लग्नकार्य किंवा श्राद्धपक्ष असेल, तर वॉशआउटची तारीख आधीच पुढे ढकलून मागावी. हृदयाची, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे मात्र आपल्या मनाने कधीही थांबवू नयेत.

पाचवी पायरी : आकडा सांगायला शिकावे

शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त दुखण्याची कल्पनाही करवत नाही, अशी ही पट्टी असते. ऐकायला सोपी आहे. पण प्रश्न नेमका कोणता विचारला आहे, इकडे लक्ष द्यावे : आत्ताचे दुखणे, गेल्या २४ तासांतले सर्वाधिक दुखणे आणि २४ तासांतले सरासरी दुखणे हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरे वेगळी असू शकतात. सकाळी अंथरुणातून उठताना आठ, दुपारी खुर्चीत बसल्यावर तीन, असे असेल तर तसेच सांगावे.

रामबागेतून येणाऱ्या एक आजी होत्या. डॉक्टर अत्यंत अगत्याने बोलणारे. ‘‘आजी, आज किती?’’ असे त्यांनी विचारले की आजी हसून म्हणत, ‘‘बरंय की आता. तीन लिहा.’’ एकदा त्या निघाल्यावर मी पाठोपाठ दारापर्यंत गेले. बाहेर दोनच पायऱ्या होत्या. आजींनी कठडा दोन्ही हातांनी धरला, उजवा पाय खाली टेकवला, डावा त्याच्याशेजारी आणला आणि डोळे मिटून क्षणभर थांबल्या. मी विचारले, ‘‘आजी, खरं किती?’’ त्या म्हणाल्या, ‘‘सात असेल गं. पण ते एवढं मनापासून करतात, त्यांना वाईट वाटेल.’’ त्यानंतर आमच्याकडे डॉक्टरांना भेटण्याआधीच, बाहेरच्या बाकावर बसून, रुग्णाने स्वतःच्या हाताने आकडा लिहायचा असा शिरस्ता पडला. तुमच्या केंद्रात तसे नसेल तर तशी विनंती करावी. याच्या उलट चूकही तितकीच होते : प्रवेशासाठी किमान चार किंवा पाच आकडा लागतो असे कानावर आले की काही जण पाचचे सात करतात. मग निवड झाल्यावर आकडा आपोआप पाचावर येतो आणि प्लासिबोलाही गुण आल्याचे दिसते.

काही अभ्यासांत आकड्याऐवजी १०० मिलिमीटरची आडवी रेघ असते आणि तिच्यावर आपण खूण करायची असते. डाव्या टोकापासून खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे आपला गुण. एका ठिकाणी छापील फॉर्म संपले म्हणून कोणी तरी झेरॉक्स काढून आणले. मी सहज पट्टी लावून पाहिली, तर रेघ ९७ मिलिमीटरच भरली. झेरॉक्स यंत्राने कागद किंचित आखडून छापला होता, आणि तेवढ्याने प्रत्येकाचे दुखणे कागदावर तीन टक्क्यांनी कमी झाले असते. फॉर्म हातात आला की आपणही पट्टी लावून पाहायला हरकत नाही. माझ्यासारख्या समन्वयकाला त्याचा राग येणार नाही.

दोन अंकांचा, म्हणजे साधारण ३० टक्क्यांचा फरक हा रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आराम मानण्याची रीत या क्षेत्रात आहे. त्यामुळे ‘‘सात काय नि सहा काय’’ असे म्हणून आकडा फेकू नये.

आकड्याइतकेच शब्दही तोलून वापरावेत. वेदनेचे अभ्यासक असलेल्या माँट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावलेले होते. मराठीला हे नवे नाही. ठणका, कळ, सणक, चमक, रग, ओढ, आग, मुंग्या, टोचणी, शिणवटा यांतला प्रत्येक शब्द वेगळे दुखणे सांगतो, आणि आग, मुंग्या किंवा विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे हे शब्द मज्जातंतूंच्या दुखण्याकडे बोट दाखवतात, जिथे साध्या वेदनाशामकांऐवजी प्रीगॅबालिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखी औषधे लागतात. अडचण भाषांतराची आहे. ‘‘पायात कळ येते’’ असे एका बाईंनी सांगितल्यावर हिंदीभाषक नर्सने ‘कल’ ऐकले आणि ‘‘कल क्यों, आज ही दिखा दो’’ म्हणाली. तेव्हा आपल्या शब्दाला हिंदीत टीस म्हणायचे, जलन म्हणायचे की झुनझुनी, हे घरीच ठरवून जावे, आणि जमत नसेल तर मराठी शब्द वापरून हाताने दाखवावे.

सहावी पायरी : डायरी त्याच दिवशी भरावी

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या होत्या, आणि डायरी केव्हा उघडली हे टिपणारा प्रकाश-संवेदक तिच्यात गुपचूप बसवला होता. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. संवेदकाच्या हिशेबाने फक्त ११ टक्के. ३२ टक्के दिवशी तर डायरी उघडलेलीच नव्हती. मला याचे नवल वाटले नाही. आमच्याकडेही दवाखान्याच्या स्टँडवर स्कूटर लावून, सीटवर डायरी ठेवून, एकाच पेनाने पंधरा दिवस भरणारे लोक मी पाहिले आहेत. सगळ्या पानांवर शाई एकसारखी आणि आकडे पाच, पाच, पाच.

डायरी देवघराजवळ किंवा चहाच्या डब्याशेजारी, जिथे रोज ठरल्या वेळी हात जातो, तिथे ठेवावी. एखादा दिवस राहिला तर ती जागा रिकामी सोडावी. संख्याशास्त्रज्ञ रिकाम्या जागेचा काही तरी मार्ग काढतात, आठवून लिहिलेल्या आकड्याचे मात्र त्यांना काहीच करता येत नाही. गोळ्यांची रिकामी पाकिटे कचऱ्यात न टाकता परत न्यावीत. भेटीच्या तारखेला दोन-तीन दिवसांची सवलत असते, तरी रंगपंचमीच्या गेरीचा (रंगांच्या मिरवणुकीचा) किंवा अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांचा (देखाव्यांच्या मिरवणुकीचा) दिवस येत असेल तर आधीच सांगून तारीख बदलून घ्यावी. त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूने दवाखान्यात पोचणे धडधाकट माणसालाही जमत नाही. येण्याजाण्याचा खर्च मिळत असेल तर रिक्षाचे भाडे तिथल्या तिथे लिहून ठेवावे.

सातवी पायरी : काही बिघडले तर

‘‘छातीत धडधडलं, पण ते गुडघ्याच्या औषधाने थोडंच होणार?’’ असा विचार करून गप्प बसू नये. रोफेकॉक्सिब हे संधिवातावर जगभर खपलेले औषध सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले, कारण आतड्यांतील गाठींवर चाललेल्या एका दीर्घ ट्रायलमध्ये ते घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण जास्त आढळले. कोणती तक्रार औषधाची आणि कोणती नाही, हे ठरवणे आपले काम नाही. सांगणे आपले आहे. भरती व्हावे लागले, जीव धोक्यात आला किंवा कायमचे अपंगत्व आले, तर संशोधक डॉक्टरांना ते २४ तासांच्या आत वर कळवावे लागते. म्हणून ट्रायलचे ओळखपत्र खिशात असावे आणि रात्री दुसऱ्याच इस्पितळात जावे लागले तर नातेवाइकांनी ते आधी दाखवावे.

ट्रायलमध्ये इजा झाल्यास, डॉक्टरांच्या मते गरज असेल तोवर किंवा तिचा ट्रायलशी संबंध नाही असे सिद्ध होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोवर उपचार मोफत मिळतात. आणि संबंध सिद्ध झाल्यास वय व आजाराची जोखीम धरून सूत्राने भरपाई ठरते, ज्यात मृत्यूसाठी पायाभूत रक्कम ८ लाख रुपये आहे. प्रचलित उपचार उपलब्ध असतानाही तो न देता प्लासिबोवर ठेवल्यामुळे इजा झाली, तर तेही भरपाईचे एक कारण धरले जाते. मध्येच बाहेर पडायचे असल्यास कारण देणे बंधनकारक नाही आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. एवढेच करावे, की फोन बंद करून नाहीसे होऊ नये. ‘‘मला पुढे यायचे नाही,’’ असे कळवून शेवटची तपासणी करून घ्यावी.

शेवटची भेट

या भेटीत बहुतेक जण घाईत असतात, आणि नेमक्या इथेच तीन प्रश्न विचारायचे राहतात. पहिला : औषध आज एकदम थांबवायचे की उतरवत न्यायचे? प्रीगॅबालिनसारखी औषधे अचानक बंद केली तर झोप उडते, घाम येतो, जीव घाबरा होतो. दुसरा : उद्यापासून माझ्या दुखण्यावर काय उपचार, आणि ते कोणत्या डॉक्टरांकडे? तिसरा : मला खरे औषध मिळत होते की प्लासिबो, हे कधी कळेल? ते लगेच सांगत नाहीत, कारण सगळ्या केंद्रांवरचे शेवटचे रुग्ण पूर्ण होईपर्यंत कोणाला काय मिळाले याची यादी बंद असते. म्हणून कळवण्यासाठी आपला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक फाइलवर बरोबर आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. रामबागेच्या आजींनी हा तिसरा प्रश्न विचारला होता. वर्षभराने उत्तर आले तेव्हा कळले, की त्या प्लासिबोच्या गटात होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, ‘‘म्हणजे माझं सात ते सातच होतं, नाही का?’’